झीज दाखव

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं जे काम केलं, ते तुरीच्या शेंगा सोलायचं. म्हणजे सोलत होतो मी. बाई, म्हणजे माझी बायको, वाचत होती.

सोल्याची, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी करायची असली की आमच्याकडे असंच चालायचं. मी परात घेऊन खाली बसायचो, ती खुर्चीत पुस्तक घेऊन. उद्या पोरांना जो पाठ शिकवायचा, तो आज संध्याकाळी मला मोठ्यानं वाचून दाखवायची. दहावीचा पाठ, अन् ऐकणारा चौथी शिकलेला. तीस-बत्तीस वर्षं हेच. मला वाटायचं तिला सराव लागतो. गाडी डेपोबाहेर काढण्याआधी एक चक्कर मारून पाहतात, तशी ती माझ्यावरून चक्कर मारते.

त्या दिवशीचा पाठ गोदाबाई नावाच्या एका दूधवालीचा होता. गावात सगळ्यांना दूध घालायची, अन् प्रत्येकाच्या भांड्यात थोडं कमी पडायचं. कुणी तोंडावर बोलायचं नाही, पाठीमागं सगळे बोलायचे. एवढं वाचून बाईनं पुस्तकात बोट ठेवलं अन् मला विचारलं, "बोला, गोदाबाईचा स्वभाव काय?"

मी म्हटलं, "चोर हाये."

"पुरावा?"

"माप कमी भरते. तीनदा लिहून हाये."

तिला हसू आलं. हसता हसता दम लागला म्हणून थांबली. म्हणाली, "शेवटचं पान राहिलं. घसा सुकला माहा. उद्या वाचू."

मी म्हटलं, चोर तो चोर, एका पानात काय साव होणार हाये? त्यावर ती म्हणाली, "शेवटचं पान झाल्याबिगर निकाल द्याचा नाही. किती वर्षं सांगून राहिली मी तुमाले."

सकाळी मी चहा ठेवला अन् हाक मारली. दोनदा मारली. चहा उतू गेला.

डॉक्टर म्हणाले, हे एका रात्रीत होत नाही. चार-सहा महिने हृदय कुरकुरत असणार. पाय सुजत असतील, चालताना थांबत असतील. तुमच्या लक्षात आलं नाही का, असं त्यांनी मला विचारलं. साधंच विचारलं, टोमणा नव्हता. पण मी तेव्हापासून त्याच प्रश्नावर बसलेलो आहे. काहून, ते सांगतो. त्यासाठी आधी बाई काय चीज होती ते सांगावं लागेल.

तिला अकोल्यात सगळे तायडे बाई म्हणत. शाळेतले म्हणत, गल्लीतले म्हणत, भाजीवाली म्हणे. मग मीही बाईच म्हणायला लागलो. लग्नात ती मॅट्रिक होती. पुढं कॉलेज केलं, मास्तरकीचं शिक्षण घेतलं, ते सगळं तिचं तिनं केलं. मी फक्त भाजीला नावं ठेवली नाहीत. नोकरीभर मराठी शिकवलं, रिटायर झाल्यावर पडवीत सतरंजी टाकून शिकवलं. फी घ्यायची नाही, पण डोकं इतकं खायची की पोरं म्हणत, बाई, फी घ्या अन् सोडा.

तिचं वेड एकच. पाठातला माणूस कसा आहे, हे कुणी पुराव्याशिवाय सांगायचं नाही.

परीक्षेत एक प्रश्न असतो म्हणे, अमक्याचं स्वभावचित्रण करा. पोरांजवळ त्याला चार शब्द तयार असतात: प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी, मनमिळाऊ. पाठात शेतकरी असो की राणी, चारही शब्द ओतायचे. बाई त्यांना चार डबे म्हणायची. एका पोरानं तर पाठातल्या बैलाबद्दल लिहिलं, की तो कष्टाळू, मनमिळाऊ व उच्च विचारांचा होता. बाईनं ती वही मला दाखवली. मी म्हटलं, बैल कष्टाळू असू शकतो. ती म्हणाली, "कष्टाळू जाऊ द्या. उच्च विचार कधी केला त्यानं, ते सांगा."

दुसरा राग 'या पाठातून आपल्याला असा बोध मिळतो' या वाक्यावर. ज्यानं वहीत ते लिहिलं, त्यानं पुस्तक घेऊन पडवीबाहेर पेरूच्या झाडाखाली बसायचं अन् पाठ पुन्हा वाचायचा. परीक्षा जवळ आली की झाडाखाली गर्दी व्हायची. पाठाचा विषय सांगताना ती पोरांना म्हणे, पाठ कोणाबद्दल आहे ते मला माहीत आहे, तो कुठं दुखतो ते सांग. गाईड तिच्या घरात एकच होतं. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याच्याखाली.

शिकवायची शुद्ध भाषेत, रागवायची वऱ्हाडीत. त्यामुळं पोरांना शिकवणं संपलं अन् रागावणं सुरू झालं, हे ताबडतोब कळायचं.

एकदा अमरावतीला पेपर तपासणाऱ्या शिक्षकांची बैठक होती. मी डबा घेऊन सोबत गेलो होतो, व्हरांड्यात बसलो. आत ठरत होतं, की नमुना उत्तरातले चार गुण लिहिले की चार मार्क. बाई उठली अन् म्हणाली, पोरानं नुसतं मनमिळाऊ लिहिलं तर शून्य द्यावं, अन् 'तो वाईट वागला पण मला आवडला' असं लिहून कारण दिलं तर पूर्ण द्यावेत. आतला आवाज वाढत गेला. दीड तासानं सगळे जेवायला बाहेर आले, त्यातल्या एका सरांनी मला विचारलं, तुम्ही त्यांचे मिस्टर का? मी हो म्हटलं. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. पुढच्या वर्षीपासून बाईला बोलावणं आलं नाही.

घरीही तेच. माझी बहीण बाळापूरला राहते. तिच्या पोरीला पाहायला पाहुणे आले. मुलाचे मामा म्हणाले, आमचा मुलगा मोठा मनमिळाऊ आहे. मी बाईकडे पाहिलं अन् मला कळलं, आता खैर नाही. ती म्हणाली, "कोणाशी मिळाला ते सांगा ना." मामा मुलाकडे पाहायला लागले. मग तिनं मुलालाच विचारलं, शेवटचं कोणाशी भांडले अन् भांडण झाल्यावर काय केलं? मुलगा मामांकडे पाहायला लागला. पोहे तसेच राहिले अन् पाहुणे पाच मिनिटांत चपला घालून निघाले. बहीण मला बाहेर ओढून म्हणाली, "दादा, तुह्या बाईले पाहुण्यायचा पेपर तपासाले आणत नोको जाऊ." दोन वर्षं बोलली नाही.

गंमत म्हणजे तो मुलगा पुढं चांगला निघाला. अचलपूरला दुकान टाकलं, आईबापाला सांभाळलं, बायको खुशीत. बाईला ते कळलं तेव्हा तिनं बहिणीकडे जाऊन कबूल केलं, की मी शेवटचं पान वाचलं नव्हतं. अन् तिथंच थांबली नाही. पुढच्या वर्षी वर्गात पोरांना हा किस्सा स्वतःची चूक म्हणून सांगितला.

आता माझं काम. मी बस डेपोत टायर सेक्शनला होतो. गाडी लागली की टायरवर पंजा फिरवायचा, एवढीच माझी विद्या. टायर दोन्ही कडांना झिजला, तर हवा कमी ठेवून गाडी पळवली. मधोमध झिजला, तर हवा जास्त. तळहात एका बाजूनं गुळगुळीत जातो अन् उलट फिरवला की खरखरतो, तर चाकाची लाइन गेलेली आहे. जागोजागी चकत्या पडलेल्या असल्या, तर ड्रायव्हर करकचून ब्रेक मारणारा. ड्रायव्हरचं तोंड न पाहता मी सांगायचो, हा घाईचा आहे, हा घरी भांडून येतो, हा माणूस भला आहे, गाडीला लेकरासारखी चालवतो. नव्वद टक्के बरोबर यायचं.

एकदा बाई डेपोत डबा द्यायला आली. मी एका टायरवर हात ठेवून मदतनिसाला सांगत होतो, की हा ड्रायव्हर वळणावर गाडी आवरत नाही, याला कुणाचं ऐकायची सवय नाही. ती डबा हातात घेऊन तशीच उभी. मला म्हणाली, "तुमी तं स्वभावचित्रण करून राहिले." मी म्हटलं, मी टायर पाहून राहिलो. ती म्हणाली, तेच ते.

दुसऱ्या दिवशीपासून तिचं वाक्य बदललं. पुरावा हा शब्द पोरांना कोर्टातला वाटायचा. आता ती म्हणायला लागली, "गुण सांगू नको, झीज दाखव." माणूस कुठं घासला गेला ते दाखव, मग तो कसा चालत होता ते आपोआप कळेल. पोरांना हे पटलं. पाठातली म्हातारी दार उघडायला उशीर लावते, ती झीज. बाप पत्र वाचून घडी घालतो अन् पुन्हा उघडतो, ती झीज. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरांनी बाईची नक्कल केली होती. एक पोरगी साडी नेसून स्टेजवर आली अन् तिनं मुख्याध्यापकांच्या वेशातल्या पोराच्या बुटाचा तळ उलटा करून झीज पाहिली. खरे मुख्याध्यापक पहिल्या रांगेत बसले होते. बाई हसून हसून खुर्चीतून पडायची राहिली.

तर असा मी. सगळ्या डेपोच्या टायरवर हात फिरवलेला.

ती गेल्यावर चौथ्या दिवशी मी दारातल्या चपला आवरायला घेतल्या. बाईची सँडल हातात आली. पट्ट्याला पाच भोकं. तिसऱ्या भोकापाशी चामड्याला जुनी घडी पडलेली, काळी, वर्षानुवर्षांची. चौथ्यापाशी एक नवी घडी. अन् पाचवं भोक ताणून लांबट झालेलं. दोन्ही पायांत तसंच. म्हणजे पाय सुजत गेला तशी ती पट्टा ढिला करत गेली, एकेक भोक. माझ्या डोळ्यासमोर, माझ्याच दारात.

मग एकेक आठवायला लागलं. दिवाळीपासून ती बसून शिकवायला लागली होती. म्हणायची, बसून शिकवलं की पोरं नीट ऐकतात. फळा भिंतीवरून काढून खाली स्टुलावर ठेवायला लावला. मीच भिंतीतला खिळा उपटला. रोज बाजारात जाताना चौकातल्या पुतळ्याजवळ उभी राहायची. मला वाटायचं, बाबासाहेबांना हात जोडून राहिली. जोडतही असेल. पण आधी कधी एवढा वेळ लागायचा नाही. पाठ वाचताना पानाच्या मध्येच थांबून मला प्रश्न विचारायची. मला वाटायचं, माझी परीक्षा घेते. ती श्वास घेत होती.

सगळी झीज समोर होती. तीनदा लिहून होती.

बुद्धविहाराच्या हॉलमध्ये बाईच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला. त्रिशरण, पंचशील झालं, मग भाषणं. हॉल भरला होता, मागं उभे राहिले लोक. पन्नाशीला आलेले तिचे विद्यार्थी अन् यंदाची दहावीची पोरं एका सतरंजीवर. शाळेच्या संस्थेचे एक जुने पदाधिकारी बोलायला उभे राहिले. चांगला माणूस आहे. त्यांनी कागद काढला अन् वाचलं, "तायडे बाई अत्यंत प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी आणि मनमिळाऊ होत्या."

चारही डबे. एका ओळीत.

हॉलमध्ये कुजबूज झाली. मागून कुणीतरी, पाहिलं तर तहसीलमध्ये नोकरीला असलेला एक टकला विद्यार्थी, हळूच बोलला, "पुरावा?" तो स्वतःशीच बोलला असणार, पण ऐकू सगळ्यांना गेलं. पहिल्यांदा मागची रांग हसली, मग मधली, मग भंतेजींनीसुद्धा मान खाली घातली. अन् हसता हसता तो टकला माणूस तोंडावर रुमाल धरून रडायला लागला. पदाधिकारी कागद हातात धरून उभेच. त्यांना काही कळलं नाही. माझी बहीण त्यांना पाणी द्यायला गेली.

मग मला म्हणाले, तायडे काका, दोन शब्द बोला. मी उभा राहिलो. म्हटलं, "बाई मनमिळाऊ नव्हती. माह्या बहिणीले विचारा." लोक पुन्हा हसले. बहीणही हसली. मला पुढं सँडलच्या भोकांचं सांगायचं होतं. एवढ्या लोकांत ती एकच गोष्ट मला पुराव्यासकट माहीत होती. पण ते न सांगताच मी बसलो. लोकांना वाटलं, गहिवरला.

त्याच संध्याकाळी नाझिया घरी आली. ती यंदा दहावीला आहे, बाईच्या पडवीत दोन वर्षांपासून येत होती. सोबत तिची आई होती. आई खुर्चीत बसली, पोरगी दारातच उभी. म्हणाली, काका, परीक्षा जवळ आली आहे, आम्ही पोरं-पोरीच रोज सकाळी सात वाजता पडवीत येऊन बसलो तर चालेल का? मी म्हटलं, बसा.

तरी ती जाईना. मग म्हणाली, "काका, एक विचारू? बाईंचा घरचा विद्यार्थी कोण होता?"

मी म्हटलं, कोणता घरचा विद्यार्थी?

ती सांगायला लागली. बाईंच्या पुस्तकात पेन्सिलीचे गोल असायचे. प्रत्येक पाठात एक-दोन ओळींभोवती गोल. पाठ शिकवताना त्या ओळीपाशी आल्या की बाई पुस्तक खाली ठेवायच्या. म्हणायच्या, इथं आमच्या घरचा विद्यार्थी थांबला. मग तो काय बोलला ते सांगायच्या. पोरं त्याची वाटच पाहायची. कुणाला वाटायचं बाईंचा भाचा असेल, कुणाला वाटायचं बाई मनानंच सांगतात. एकदा वर्गातल्या एका हुशार पोरानं म्हटलं, तुमचा तो विद्यार्थी तर अगदीच ढ आहे, साधे शब्दही विचारतो. तेव्हा बाई वऱ्हाडीत गेल्या.

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, तो जथी थांबते, तथीच पाठ असते. तुमी सारे हुशार लोकं पुढं निघून जाता."

मी नाझियाला म्हटलं, मले नाही माहीत कोण होता तो. तिच्या आईनं माझ्याकडे पाहिलं. बाया लवकर ओळखतात. ती उठली अन् पोरीला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाचला उठलो. चहा केला, एकच कप. खुर्चीजवळच्या टेबलावरून बाईचं पुस्तक घेतलं. त्यात पेन्सिल तशीच होती, तिनं बोट ठेवलं होतं त्या पानात. आधी मागची पानं उलटून पाहिली. गोल होते. गोदाबाईच्या पाठातही एक होता, 'माप पुन्हा कमी भरलं' या ओळीला. बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं, चोर हाये. म्हणजे मी आत परात ठेवायला गेलो, तेवढ्यात लिहिलं असणार.

शेवटच्या पानावर एकही गोल नव्हता. ते मी ऐकलंच नव्हतं.

मी बोट लावून वाचायला लागलो. अक्षर कळतं मला, पण जोडून जोडून वाचावं लागतं. एका पानाला अर्धा तास गेला. गोष्ट अशी होती, की एक दिवस गोदाबाईनं दूध भांड्यात न ओतता भांड्याशेजारी जमिनीवर ओतलं. तेव्हा लोकांना कळलं, तिला दिसत नाही. कधीचंच दिसत नव्हतं. माप ती आवाजावर भरायची. दुधाचा आवाज बदलला की हात थांबवायची, अन् सांडू नये म्हणून जरा आधीच थांबवायची. पुढची ओळ होती: 'दूध कमी पडतं हे सगळ्या गावानं पाहिलं होतं, गोदाबाईकडे कुणी पाहिलं नव्हतं.'

मी तिथं थांबलो. खाली चार ओळी उरल्या होत्या, त्या वाचल्या नाहीत.

पेन्सिल घेतली अन् त्या ओळीभोवती गोल काढला. गोल एका बाजूनं दबला. बाजूला काही लिहिलं नाही.

मग पडवीतली सतरंजी झटकून अंथरली, फळा स्टुलावर नीट लावला अन् फाटक उघडून ठेवलं. सातला पोरं आली. मी पुस्तक नाझियाच्या हातात दिलं, गोदाबाईचा पाठ घे म्हटलं, अन् मागं, शेवटच्या रांगेत, चपलांजवळ जाऊन बसलो.